हाकू का?

"हॅलो? … थांब गं संहिता, काही ऐकू येत नाही. इथं ह्यांचं चाललंय, चटणीत मीठ नाही म्हणून… अहो, मीठ समोरच आहे. तिथंच. उजव्या हाताशी."

त्रिविक्रमरावांनी डावीकडं पाहिलं, समोर पाहिलं, आणि ह्या घरात मिठालासुद्धा पाय फुटतात असं पुटपुटत अळणी चटणीच दोशाला लावली. भाग्यलक्ष्मीनं फोन खांद्यानं कानाशी दाबला, वाकून त्यांच्या उजव्या कोपरापाशी असलेली मिठाची बरणी उचलली आणि डाव्या हाताशी ठेवली. अलीकडं अशी पुष्कळ कामं ती न बोलता करू लागली होती. त्यांनी बरणी ओढून घेतली आणि "हे काय, इथंच होती की" असा चेहरा केला.

"हं, बोल आता. … काय? … कोण थांबेना? … संहिता, सावकाश. रडू नकोस, नीट सांग. कोण थांबेना?"

गाडी थांबेना झाली होती.

भाग्यलक्ष्मी उभी होती ती तशीच खाली टेकत गेली, आणि ढुंगणाखाली स्टूल आलं हे तिचं नशीब. तव्यावरचा दोसा कडेनं तांबूस झाला, मग काळा. येलहंक्याच्या त्या स्वयंपाकघरात करपल्याचा वास पसरला तरी तिला तो जाणवला नाही.

"अगं ऐक ना… हो, हो… आधी तू कुठं आहेस ते सांग. … होसकोट्याच्या अलीकडं. रस्त्यात का कडेला? … पूर्ण कडेला? … मागची चाकंही? … लागलं का कुठं? डोकं? हात? … नक्की? … शपथ घे. … माझी नको, गाडीत बसून माझी कशाला घेतेस, देवाची घे. … बरं. … बरं. आता बोल."

संहिता त्यांची एकुलती एक. होसकोट्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात ती नोकरीला होती, आणि कंपनीची बस चुकली की अप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी गाडी घेऊन जायची. आज बस चुकली होती. इथून निघाली तेव्हा गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. होसकोट्याच्या आधी एक मोठा स्पीडब्रेकर जोरात आपटला, आणि त्यानंतर इंजिनमधून फुस्स असा आवाज यायला लागला. तिनं म्हटलं असेल काहीतरी. मग पुढं सिमेंट कालवणारी अवजड गाडी हळू झाली म्हणून हिनं ब्रेकवर पाय दिला, तर पायाखाली दगड. दोन्ही पायांनी दाबला तेव्हा गाडी जराशी आखडली, थांबली मात्र नाही. शेवटी हँडब्रेक ओढला. त्या सिमेंटच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलं होतं ते तिनं अक्षरन् अक्षर वाचलं, कुठल्या अक्षराचा रंग उडालाय तेसुद्धा, इतक्या जवळ जाऊन आपली गाडी थांबली.

"अय्यो," एवढंच भाग्यलक्ष्मी म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, "अय्यो, संहिते."

पलीकडून त्रिविक्रमरावांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. ह्या घरात मीठमोहरीइतका वापर होऊ लागलेला हा शब्द तिच्या तोंडून सवयीनंच गेला. मग तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं.

"गाडीचा ब्रेक लागला नाही," ती म्हणाली. "पोरगी बरी आहे. कडेला उभी आहे."

त्रिविक्रमरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

कारण गाडी रविवारी त्यांनी स्वतः उघडली होती. सिग्नलला उभी राहिली की ती बंद पडायची. गॅरेजवाला म्हणाला ठेवून जा, आणि त्रिविक्रमराव म्हणाले काही गरज नाही. एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात त्यांची उभी हयात गेली होती. हातानं मारलेली त्यांची रेघ बघून माणसं पट्टी शोधायची. निवृत्त झाल्यावर फोनवरचे व्हिडिओ बघून मिक्सर, गिझर, पंखा असं करत करत ते गाडीपर्यंत पोचले होते. इंजिनच्या गळ्यात काजळी साचलीय, ती धुतली की झालं, असं निदान करून त्यांनी हवेच्या फिल्टरचा डबा काढला, वाटेत येणारे पाइप सोडवले आणि भाग्यलक्ष्मीच्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं तो गळा घासून लख्ख केला. वरच्या मजल्यावरचा मंजुनाथ हाताखाली होता. उजेडासाठी टॉर्च धरायला भाग्यलक्ष्मी होती.

"काय म्हणतेस? … हो, रविवारचंच काहीतरी. … नाही गं, त्यांना काही म्हणत नाही मी. … काहीच म्हणत नाही. … इंजिन चालू आहे अजून? … थरथरतंय? ताप आल्यासारखं? … बंद कर आधी. किल्ली काढ. … काढली? … हातात घे. … आता जरा श्वास घे."

तिनं स्वतःही घेतला. त्रिविक्रमराव हात न धुताच तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि घाईघाईनं सांगू लागले, की असा दगडासारखा ब्रेक म्हणजे व्हॅक्यूमचा पाइप सुटलाय, दुसरं काही असूच शकत नाही. इंजिन ज्या ओढीनं हवा आत घेतं त्याच ओढीचा जोर त्या पाइपातून ब्रेकला मिळतो. पाइप सुटला की तो जोर गेला, मग सगळं पायावर. हे सांगता सांगता त्यांचा चेहरा एकदम उजळला.

मंजुनाथ, ते म्हणाले. हे मंजुनाथचं काम.

भाग्यलक्ष्मीलाही ते आठवलं, आणि आठवल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली.

"ऐक, ऐक. कळलं काय झालं ते. … अगं, रविवारी नाही का, मंजुनाथनं बॉनेट पाडलं आणि आम्ही हसलो… हो, तेच ते. 'हाकू'चं."

त्याचं असं झालं होतं. ह्या घराण्याचे पूर्वज कुठल्याशा सैन्याबरोबर इकडं कन्नड मुलुखात आले ते इथलेच झाले. भाषा घरात राहिली, पण जुन्या भांड्यासारखी, पोचे पडून. बाकीची मराठी माणसं गाडी चालवतात, ह्यांच्या घरात ती अजून हाकतात. रविवारी सगळं जोडून झाल्यावर त्रिविक्रमराव सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी काचेतून डोकं काढून विचारलं, "हाकू?" म्हणजे चालू करू का. मंजुनाथ मंड्याकडचा. त्याच्या कन्नडमध्ये 'हाकु' म्हणजे घाल, लाव. दार हाकु म्हणजे दार लाव. तेव्हा बॉनेट हाकु म्हणजे बॉनेट लाव. त्यानं आज्ञाधारकपणे धाडकन बॉनेट पाडलं, आणि त्रिविक्रमराव सीटवर उडाले. संध्याकाळपर्यंत तेच पुरलं. जो येईल त्याला सांगून झालं.

रविवारचा तो विनोद आज कारण होऊन दारात उभा राहिला. पाइप अजून लावायचा असणार, आणि त्याआधीच बॉनेट पडलं. म्हणजे चूक कुणाचीच नाही, एका शब्दाची. शब्दाला कोण रागावणार.

"हो ना… बघ ना, काय माणसं आपण. … थांब, त्यालाच बोलावते." तिनं फोन छातीशी धरून खिडकीतून वर हाक मारली, "मंजुनाथ, स्वल्प खाली ये रे." आणि मग पुन्हा फोनवर, "येतोय. तू बॉनेट उघडशील का? … येतं ना उघडायला? … आधी ओढणी बांध. कमरेला, घट्ट. आणि कशाला हात लावू नकोस लगेच, भाजेल. … अगं सांगते म्हणजे काय, आई आहे मी, सांगणारच."

मंजुनाथ ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून आला. काय झालं ते त्यानं दारातच ऐकलं आणि त्याचा रंग उतरला. संहिताला त्यानं पहिल्यांदा सायकल शिकवली होती. त्रिविक्रमरावांनी त्याला हाकूचं स्मरण करून दिलं. मंजुनाथनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा भाग्यलक्ष्मीकडं, आणि म्हणाला की हो अण्णा, चूक माझीच, मीच घाई केली.

फार लवकर म्हणाला. भाग्यलक्ष्मीला ते टोचलं. मंजुनाथ दुधाच्या पिशवीवरून दुकानदाराशी अर्धा तास वाद घालणारा माणूस होता. इतक्या मोठ्या चुकीवर त्यानं असा मुकाट्यानं अंगठा उठवावा?

"उघडलंस? … हं. अप्पा सांगतायत ते मी सांगते. … नको, त्यांना फोन नको, ते भराभर सांगतात, मला सांगू दे. … स्टिअरिंगच्या बाजूला, मागं, भिंतीला लागून काळा गोल डबा आहे. आपल्या पिठाच्या डब्याएवढा. … दिसला? … त्यातून एक पाइप निघतो, बोटाएवढा जाड, काळा. … धरू नकोस, नुसती नजर ने. कुठं जातो? … हं… हं… आणि? … लोंबतोय?"

तिनं मान वर करून दोघांना खुणेनं सांगितलं, सापडला. त्रिविक्रमरावांनी टेबलावर हलकेच थाप मारली. बघ, मी काय म्हणत होतो. आता त्यांना खूप बोलायचं होतं. क्लिप तिथंच कुठंतरी पडली असेल, बॅटरीच्या डोक्यावर नाहीतर खालच्या पत्र्यावर, तिला शोधायला सांग. पाइप लावलाच नव्हता म्हटल्यावर क्लिपही सुटीच असणार. तारेची गोल क्लिप, दोन कान असलेली.

"संहिता, क्लिप शोध गं. तारेची. पाइपच्या तोंडाला लावतात ती. कुठंतरी पडली असेल, बॅटरीवर बघ. … नाही? … खाली बघ. … मग? … पाइपवरच? … पाइपवर म्हणजे, लावलेली? … घट्ट आहे?"

त्रिविक्रमरावांचा थाप मारलेला हात टेबलावरून खाली आला.

"हलतसुद्धा नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती फोनवर बोलतेय की घरातल्यांना सांगतेय हे तिलाच कळत नव्हतं. "पाइपच्या अगदी टोकाशी. … आणि तोटी? जिच्यावर तो पाइप बसतो ती. … मोकळी आहे. … तोटीच्या पुढंच, नुसत्या रबरावर आवळलीय क्लिप. … हो. … हो, कळलं. … अगं हो, कळलं मला."

कळायला अवघड नव्हतं. पाइप लावायचा राहिला नव्हता. कुणीतरी तो नीट हातात धरून, वेळ घेऊन, पक्कडीनं क्लिप दाबून, लावलाच होता. फक्त तोटीवर नाही. तोटीच्या कडेला तो नुसता टेकला होता, इंजिनच्या ओढीनं तसाच धरून राहिला, आणि होसकोट्याच्या स्पीडब्रेकरला सुटला. रविवारी पक्कड एकाच माणसाच्या हातात होती, आणि तो मंजुनाथ नव्हता. मंजुनाथ आपल्या चपलांकडं बघत होता.

टॉर्च भाग्यलक्ष्मीच्या हातात होता. त्रिविक्रमराव म्हणाले होते, जवळ आण, आणखी जवळ, आणि मग मान वाकडी करून, डाव्या अंगानं वाकून त्यांनी दोनदा तो पाइप पुढं दाबला होता आणि "बसला" म्हणाले होते. ती पाइपकडं बघतच नव्हती. ती त्यांच्या वाकड्या मानेकडं बघत होती. चहा ओतताना तीच मान, कपाच्या अलीकडं पडणारी तीच धार. तिनं बशा मोठ्या आणल्या होत्या. मागच्या गुरुवारी जयनगरच्या बाजारात ते एका टोपलीवर धडकले, तेव्हा ती फुलवालीलाच रागावली होती, की वाटेत काय ठेवता. आणि येत्या आठवड्यात कोलारचं लग्न होतं, सगळ्यांना घेऊन गाडी मीच हाकणार असं त्यांनी जाहीर केलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. संहितानं गुपचूप बसची वेळ बघून ठेवली, हिनं गुपचूप रेल्वेची.

फोनमधून संहिता आई, आई म्हणत होती.

"आहे. आहे मी. … ऐक, तो पाइप आता तू लाव. … येईल. मी सांगते. पक्कड डिकीत आहे, अप्पांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली. … सापडली? … क्लिपचे कान दाबून ती मागं सरकव. … आता पाइप तोटीवर घाल. तोटीला एक कड असेल, अंगठीसारखी. ती पाइपच्या आत गेली पाहिजे. … बोट फिरवून बघ. डोळ्यानं नको, बोटानं बघ. … गेली? सगळीकडून? … आता क्लिप पुढं, कडेच्या पलीकडं. … ओढून बघ. … जोरात ओढ, लाजू नकोस. … नाही ना सुटत? … चालू कर गाडी. … हं. … हं. … फुस्स नाही? … पाय ठेव ब्रेकवर. … जातो खाली? … मऊ?"

तिनं डोळे मिटले. मंजुनाथनं देवघराकडं बघून हात जोडले. त्रिविक्रमरावांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, जणू चूक तिथं कुठं लिहिलेली असेल.

मग ते वळले आणि स्कूटरच्या किल्लीसाठी भिंतीकडं गेले. तिला गाडी आणू देऊ नका, ते म्हणाले. तिथंच थांबू दे. मी जाऊन बघतो, माझ्या हातानं बघितल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर येणार नाही. खुंटीच्या शेजारच्या भिंतीवर त्यांची बोटं एकदा नुसती फिरली, दुसऱ्यांदा किल्ली मिळाली.

"अप्पा यायचं म्हणतायत," भाग्यलक्ष्मी फोनवर म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "स्कूटरवरून. … का गं? का नको? … ऊन? … ऊन आहे म्हणून पाठवू नको म्हणतेस?"

मंजुनाथ पटकन म्हणाला की अण्णा, ह्या वेळेला हायवेला फार ट्रॅफिक, मी रिक्षा घेऊन जातो ना.

"आणि तुमचं खाणंही झालं नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "सांबार तसंच आहे."

ऊन, ट्रॅफिक आणि सांबार. तिन्ही कारणं स्वयंपाकघरात रांगेनं उभी राहिली, आणि त्यांच्याकडं बघायची कुणाला हिंमत होईना. होसकोट्याचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढं होता, सिमेंटच्या गाड्यांसकट. उजवीकडून एखादी आली तर. तिनं किल्लीच्या हाताकडं पाहिलं आणि आता बोलायचं असं ठरवून तोंड उघडलं, तर तोंडातून आलं, "अहो, हे बघा…" आणि पुढं काहीच नाही.

त्रिविक्रमराव तिघांच्या मधे उभे होते, तिसरी फोनात. त्यांनी आधी मंजुनाथकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली, कारण तो उजवीकडं उभा होता. "तू क्लिपला हात लावला नव्हतास," ते म्हणाले. मग ते भाग्यलक्ष्मीकडं वळले. तिच्या मागं टेबलावर मिठाची बरणी होती, डाव्या अंगाला. त्या बरणीकडं ते बराच वेळ बघत राहिले.

त्यांनी फोनसाठी हात पुढं केला. हात फोनच्या थोडा अलीकडंच थांबला. तिनं फोन पुढं नेऊन त्यांच्या मुठीत दिला, आणि दुसऱ्या मुठीतली किल्ली हळूच काढून घेतली. त्यांनी ती काढू दिली.

"हॅलो? … मीच. … हो, हो… बाळ, ऐक ना, आधी ऐक. … मंजुनाथनं काही केलं नाही. पाइप मी बसवला. क्लिप मी दाबली. … नाही, विसरलो नाही. … नाही गं, हाकूबिकू काही नाही. … घाईही नव्हती. … मला वाटलं, बसला. … संहिता, मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."